शंभरातील पंचाण्णव : विश्वास-अंतरालाचा अर्थ आणि अनर्थ

परतीचा पाऊस ओसरला, की पनवेल तालुक्यातील भातशेतीवर सोनेरी छटा पसरते. खाडीकाठच्या खारजमिनीत, बांधांच्या आडोशाने उभे असलेले भात आणि डोंगराच्या बाजूच्या गोड्या जमिनीतील भात एकाच सुमारास कापणीला येते. याच दिवसांत कृषी, महसूल व ग्रामविकास खात्यांचे गावपातळीवरील कर्मचारी टेप, खुंट्या, दोरी आणि तराजू घेऊन ठरावीक शेतांत दाखल होतात. शेताचा एक छोटा तुकडा दोरीने आखला जातो. त्यातील पीक कापून, झोडून, वजन करून आकडा नोंदला जातो. यालाच पीक कापणी प्रयोग असे म्हणतात.

मंडळातील हजारो शेतांपैकी अवघ्या दहाबारा शेतांत हा प्रयोग होतो आणि त्यावरून संपूर्ण मंडळाचे सरासरी उत्पादन ठरते. ‘दहा तुकड्यांवरून सगळ्या मंडळाचे पीक कसे कळणार?’ हा शेतकऱ्याचा प्रश्न रास्त आहे. संख्याशास्त्राने या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे ‘विश्वास-अंतराल’. सरासरी इतकी आहे एवढेच न सांगता, ती अमुकपासून तमुकपर्यंतच्या पट्ट्यात धरावी आणि या पट्ट्यावर शेकडा ९५ इतका विश्वास ठेवावा, असे हे उत्तर असते. शेतीपासून आरोग्यापर्यंत, मतचाचणीपासून औषधांच्या चाचणीपर्यंत हे अंतराल आज सर्वत्र आढळतात. तथापि त्यांचा जो अर्थ सर्रास लावला जातो, तो पुष्कळदा चुकीचा असतो. आकड्यांवरून निर्णय घेणारे अधिकारी, आकडे शिकविणारे शिक्षक आणि त्या आकड्यांचे परिणाम गावात अनुभवणारे पंचायत सदस्य या सर्वांनी हा विषय समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

नजर अंदाजाकडून नमुन्याकडे

पूर्वी पिकाचा अंदाज नजरेने बांधला जाई. सोळा आणे पीक म्हणजे उत्तम पीक, आठ आणे म्हणजे निम्मे, अशी ही आणेवारी होती. पाहणाऱ्याचा अनुभव दांडगा असला तरी त्याच्या अंदाजात किती चूक असू शकेल, हे सांगण्याचे साधन त्यात नव्हते. एकाने दहा आणे म्हटले आणि दुसऱ्याने बारा आणे म्हटले, तर खरे कोणाचे हे ठरविणार कसे?

ही उणीव दूर करणाऱ्यांत महाराष्ट्राच्या एका सुपुत्राचा मोठा वाटा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवीधर होऊन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात उच्च शिक्षणासाठी गेले. तो काळ संख्याशास्त्राच्या दृष्टीने मन्वंतराचा होता. पोलंडमधून आलेले जर्झी नेमन हे गणिती तेथेच काम करीत होते. १९३४ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीपुढे त्यांनी नमुना पाहणीविषयीचा आपला प्रबंध वाचला आणि त्यात विश्वास-अंतरालाची कल्पना मांडली. १९३७ साली तिची सविस्तर उपपत्ती त्यांनी प्रसिद्ध केली. सुखात्मे यांनी याच वातावरणात नमुना पाहणीवर संशोधन करून १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळविली.

गैरसमजाची चाहूल पहिल्या दिवसापासूनच लागली होती, हे नमूद करण्याजोगे आहे. नेमन यांच्या १९३४ च्या प्रबंधावरील चर्चेत आर्थर बाउली या नामवंत संख्याशास्त्रज्ञाने, हा ‘विश्वास’ म्हणजे एक फसगत तर नव्हे ना, अशी शंका बोलून दाखविली. आपल्याला जे जाणून घ्यायचे आहे तेच हा अंतराल सांगतो का, हा त्यांचा प्रश्न होता. सुमारे नऊ दशकांनंतरही तो प्रश्न विचारण्याजोगा आहे.

भारतात परतल्यावर सुखात्मे यांनी कृषी संशोधन परिषदेत १९४० च्या दशकात पीक कापणी प्रयोगांची शास्त्रशुद्ध पद्धती उभी केली. विनायक गोविंद पानसे यांच्या सहकार्याने लिहिलेला त्यांचा कृषी संख्याशास्त्रावरील ग्रंथ १९५४ मध्ये प्रसिद्ध झाला आणि कृषी महाविद्यालयांच्या अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. पनवेलच्या शेतात आज जो तुकडा आखला जातो, त्यामागे ही परंपरा आहे.

अंतराल कसा काढतात?

एक काल्पनिक, परंतु हिशेबाला सोपे असे उदाहरण घेऊ. एका मंडळात यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही आवडीनिवडीला वाव न देता चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, दहा तुकडे निवडले. प्रत्येक तुकडा १० मीटर लांब व ५ मीटर रुंद, म्हणजे अर्धा आर. तुकड्यातील भाताचे वजन जितके किलो, त्याच्या दुप्पट क्विंटल दर हेक्टरी उत्पादन, असा सरळ हिशेब येतो. दहा तुकड्यांची वजने अशी भरली : ९, १०, ११, ११, १२, १२, १३, १३, १४ आणि १५ किलो. बेरीज १२०, सरासरी १२ किलो. म्हणजे हेक्टरी २४ क्विंटल.

परंतु चिठ्ठ्या वेगळ्या निघाल्या असत्या, तर सरासरी २३ किंवा २५ आली नसती कशावरून? याचा अदमास वजनांच्या आपसांतील तफावतीवरूनच बांधता येतो. वजने एकमेकांजवळ असतील तर सरासरी फारशी हलणार नाही. ती विखुरलेली असतील तर अधिक हलेल. या हलण्याच्या मापाला ‘प्रमाण त्रुटी’ म्हणतात. वरील उदाहरणात ती हेक्टरी सुमारे १.१५ क्विंटल येते. तुकडे दहाच असल्याने तिला सुमारे २.२६ ने गुणावे लागते; तुकडे पुष्कळ असते तर हा गुणक १.९६ इतका झाला असता. गुणाकार येतो सुमारे २.६. सरासरीच्या दोन्ही अंगांना तो ठेवला, की शेकडा ९५ चा विश्वास-अंतराल तयार होतो : २१.४ ते २६.६ क्विंटल.

हिशेब येथे संपतो. गैरसमज येथून सुरू होतात.

पंचाण्णव कशाचे?

सर्वांत रूढ गैरसमज असा : ‘मंडळाची खरी सरासरी २१.४ आणि २६.६ यांच्या दरम्यान असण्याची शक्यता शेकडा ९५ आहे.’ वाक्य इतके स्वाभाविक वाटते, की पाठ्यपुस्तकांतूनही ते डोकावते. नेमन यांच्या उपपत्तीत मात्र त्याला स्थान नाही.

खाडीत पाग टाकणाऱ्या कोळ्याचा दृष्टांत येथे उपयोगी पडेल. पात्रात एक खुंट रोवलेला आहे; गढूळ पाणी त्याच्या माथ्यावरून गेल्याने तो दिसत नाही. कोळी पाग फेकतो. त्याच्या फेकीचे कसब असे आहे, की शंभर वेळा फेकला तर सुमारे ९५ वेळा खुंट पागाच्या घेरात सापडतो. खुंट हलत नाही, पाग हलतो. आता त्याने एकदा पाग फेकला आणि तो पाण्यात बसला. खुंट त्यात सापडला आहे किंवा नाही; दोहोंपैकी एक गोष्ट घडून गेलेली आहे. ९५ हा आकडा कोळ्याच्या कसबाचे वर्णन आहे, पाण्यात बसलेल्या या एका पागाचे नव्हे.

मंडळाची खरी सरासरी ही त्या खुंटासारखी स्थिर आहे. हलतो तो अंतराल, कारण चिठ्ठ्या बदलल्या की अंतराल बदलतो. म्हणून योग्य विधान असे होईल : ‘ज्या पद्धतीने हा अंतराल काढला, ती पद्धती पुनःपुन्हा वापरली तर शंभरापैकी सुमारे ९५ अंतराल खऱ्या सरासरीला आपल्यात सामावून घेतील.’ विश्वास पद्धतीवर आहे. हाती आलेल्या एका विशिष्ट पट्ट्याची ती हमी नव्हे.

हा केवळ शब्दच्छल आहे असे कोणी म्हणेल. परंतु व्यवहारात त्याचे परिणाम दिसतात. वीस मंडळांत स्वतंत्रपणे असे वीस अंतराल काढले, तर त्यांपैकी सरासरीने एक चुकणार हे पद्धतीतच अनुस्यूत आहे. वीसपैकी निदान एक चुकण्याची शक्यता शेकडा ६४ च्या घरात जाते. कोणता चुकला हे कागदावरून ओळखता येत नाही. म्हणून जिल्ह्याच्या तक्त्यातील प्रत्येक पट्टा ‘जवळजवळ खात्रीचा’ मानून चालणे ही भूल ठरते.

खुद्द या अंतरालाविषयीच शक्यतेची भाषा करावयाची असेल, तर अठराव्या शतकातील थॉमस बेज यांच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी विचारपद्धती आहे. तीत पाहणीपूर्वी आपल्याला काय ठाऊक होते, हे आधी आकड्यांत मांडावे लागते. मागील अनेक वर्षांची उत्पादने हाती असतील तर ते शक्यही असते. मात्र दोन पद्धतींची सरमिसळ करून एकीचा आकडा दुसरीच्या भाषेत वाचणे योग्य नव्हे.

शेतकऱ्यांतील शेकडा पंचाण्णव नव्हेत

दुसरा गैरसमज याहून ढोबळ, पण तितकाच प्रचलित आहे : ‘मंडळातील शेकडा ९५ शेतकऱ्यांना २१.४ ते २६.६ क्विंटल भात झाले.’ वरील दहा वजनांकडे पुन्हा पाहिले, की याचा फोलपणा लगेच ध्यानात येतो. या पट्ट्यात बसणारी वजने ११, ११, १२, १२, १३ आणि १३ किलो एवढीच, म्हणजे दहांपैकी सहा. नऊ किलोचा तुकडा हेक्टरी १८ क्विंटलचा, तर पंधरा किलोचा तुकडा ३० क्विंटलचा, दोन्ही पट्ट्याबाहेर.

कारण उघड आहे. अंतराल सरासरीचा आहे, शेतांचा नव्हे. तुकड्यांची संख्या दहावरून चाळीसवर नेली तर अंतराल निम्म्याहून किंचित कमी रुंदीचा होईल. परंतु त्यामुळे खारजमिनीतील आणि गोड्या जमिनीतील शेतांचा फरक काही कमी होणार नाही. पनवेलसारख्या तालुक्यात, जेथे एका बाजूस भरतीचे पाणी बांधाला धडका देते आणि दुसऱ्या बाजूस डोंगरउताराची जमीन आहे, तेथे ही गोष्ट विशेष ध्यानी ठेवावयास हवी. सरासरी अचूक कळली तरी बांध फुटून खारे पाणी शिरलेल्या शेतकऱ्याचे दुःख त्या सरासरीत दिसत नाही. तेवढ्यावरून सरासरी चुकीची ठरत नाही, आणि शेतकऱ्याची तक्रारही खोटी ठरत नाही. दोन्ही एकाच वेळी खरी असू शकतात.

हीच गल्लत शाळेतही होते. वर्गाच्या सरासरी गुणांचा अंतराल ५२ ते ५८ आला, तर ‘बहुतेक मुले ५२ ते ५८ मध्ये आहेत’ असे शिक्षक सहज म्हणून जातात. प्रत्यक्षात मुले ३० पासून ९० पर्यंत कोठेही असू शकतात.

पुन्हा मोजले तर?

तिसरा गैरसमज : ‘हीच पाहणी पुन्हा केली, तर नवी सरासरी शेकडा ९५ वेळा या पट्ट्यात येईल.’ नवी सरासरी स्वतःही हलती असते. पहिली सरासरी खऱ्यापासून थोडी वर सरकलेली आणि दुसरी थोडी खाली, असे घडू शकते. मोठ्या नमुन्यांचा हिशेब केला तर, त्याच हंगामात, त्याच मंडळात, नव्या चिठ्ठ्या टाकून काढलेली सरासरी पहिल्या पट्ट्यात येण्याची शक्यता एकंदरीने सुमारे शेकडा ८३ इतकीच निघते. पुढील वर्षाची तर गोष्टच वेगळी. यंदाचा अंतराल यंदाच्या पिकाचा. पुढील वर्षाच्या पावसाविषयी त्यात एक अक्षरही नाही. हंगामाचे भाकीत म्हणून तो वापरणे सर्वथा गैर होय.

याच्याच जोडीला एक लहानसा समजही आढळतो. पट्ट्याची टोके म्हणजे जणू भिंती. आत सर्व काही सारखेच संभवनीय आणि बाहेर सर्व अशक्य, असे मानले जाते. वस्तुतः नमुन्याशी सर्वाधिक जुळणारे मूल्य मध्याजवळ असते आणि टोकांकडे ही जुळणी हळूहळू कमी होत जाते. २६.५ आणि २६.७ यांत निसर्गाने कोणतीही रेषा आखलेली नाही. शेकडा ९५ ऐवजी ९९ घेतले तर टोके आणखी दूर जातात. विश्वास वाढतो, पण पट्टा रुंदावल्याने माहिती पातळ होते. शेकडा ९५ ही सोयीने रूढ झालेली मर्यादा आहे.

दोन अंतराल एकमेकांत शिरले तर

पनवेल येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे खारजमीन संशोधन केंद्र आहे. काळा राता, भुरा राता यांसारखे खारे पाणी सोसणारे भात या किनाऱ्यावर जुन्या काळापासून परिचित आहेत. त्यांच्या पुढे जाऊन पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ या क्षारसहनशील जाती याच केंद्राच्या कामातून शेतकऱ्यांपर्यंत पोहोचल्या. अशा कामात पदोपदी एक प्रश्न उभा राहतो : नवी जात जुनीपेक्षा खरोखर सरस आहे, की दिसणारा फरक योगायोगाचा आहे?

येथे चौथा गैरसमज डोके वर काढतो. समजा, एका चाचणीत जुन्या जातीची सरासरी २४ क्विंटल व अंतराल २२ ते २६ आला. नव्या जातीची सरासरी २७ व अंतराल २५ ते २९. दोन्ही पट्टे २५ ते २६ या भागात एकमेकांत शिरतात. ‘पट्टे एकमेकांवर आले, म्हणजे फरक सिद्ध झाला नाही’ असा निष्कर्ष अनेक जण काढतात. तो चूक आहे. प्रश्न फरकाचा आहे, म्हणून अंतरालही फरकाचाच काढावयास हवा. दोन्ही सरासरी स्वतंत्र मोठ्या नमुन्यांवरून काढलेल्या असतील, तर दोन्हींच्या त्रुटी सरळ बेरजेने वाढत नाहीत. एकाची चूक वर असताना दुसऱ्याची खाली असणे नेहमीच घडत नाही. या उदाहरणात फरकाचा अंतराल सुमारे ०.२ ते ५.८ क्विंटल येतो. त्यात शून्य नाही. म्हणजे नवी जात सरस असल्याचा पुरावा आहे, तरी तो किती सरस आहे याविषयी बरीच अनिश्चितता उरते.

उलट दिशेची चूकही तितकीच घातक आहे. फरकाच्या अंतरालात शून्य आले, की ‘दोन्ही जाती सारख्याच’ असे जाहीर केले जाते. समजा, अंतराल उणे १ ते अधिक ६ असा आहे. त्यात शून्य आहे हे खरे. पण हेक्टरी ५ क्विंटलचा फायदाही त्यातच आहे. अशा वेळी ‘फरक नाही’ असे न म्हणता ‘फरक आहे की नाही हे सांगण्याइतकी माहिती नाही’ असे म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरते. पुरावा नसणे आणि नसल्याचा पुरावा असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

अरुंद पट्टा खरा असतोच असे नाही

पाचवा गैरसमज सर्वांत महाग पडणारा आहे : ‘पट्टा जितका अरुंद, तितका आकडा खरा.’ विश्वास-अंतराल केवळ चिठ्ठ्यांच्या योगायोगाचा हिशेब देतो. मोजणाऱ्याच्या, मापाच्या किंवा निवडीच्या चुकांची दखल तो घेत नाही.

वरील उदाहरणात तराजू प्रत्येक वेळी एक किलो जास्त दाखवीत होता असे समजू. खरी वजने ८ ते १४ किलो, सरासरी ११. म्हणजे हेक्टरी २२ क्विंटल. आपण मात्र २४ लिहिले. वजनांची आपसांतील तफावत बदललेली नसल्याने पट्ट्याची रुंदी तीच राहिली. कागदावर चुकीची कोणतीही खूण उमटली नाही. ओल्या भाताचे वजन वाळवणीची घट न धरता नोंदले, तरी असाच प्रकार होतो. तुकड्यांची संख्या वाढवून ही चूक जात नाही. उलट पट्टा अरुंद होऊन चुकीच्या आकड्याभोवती अधिक घट्ट आवळला जातो.

याच मुद्द्यावर भारतात १९४० च्या दशकात एक गाजलेला वाद झाला. कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे प्रा. प्रशांतचंद्र महालनोबिस हे खास प्रशिक्षित पथकांकडून लहान तुकडे कापून घेण्याच्या मताचे होते. त्यात वेळ व खर्च वाचतो. महसूल व कृषी खात्यांच्या नित्याच्या कर्मचाऱ्यांकडून काम करून घ्यावयाचे असेल तर तुकडा मोठा हवा, असा सुखात्मे यांचा आग्रह होता. फार लहान तुकड्यांत उत्पादन वास्तवापेक्षा अधिक भरते, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिले. कारण समजण्यास सोपे आहे. १० मीटर बाय ५ मीटर तुकड्याची कड ३० मीटर, म्हणजे दर चौरस मीटरला ६० सेंटिमीटर. एक मीटर बाय एक मीटर तुकड्याची कड मात्र एका चौरस मीटरलाच ४ मीटर. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, या संभ्रमात कापणाऱ्याचा हात ते आत ओढतो. कड जितकी अधिक, तितकी ही चूक मोठी. आकडेशास्त्रात या एकांगी झुकावाला ‘अभिनती’ म्हणतात.

परदेशातील उदाहरण तर प्रसिद्धच आहे. १९३६ च्या अमेरिकेतील अध्यक्षीय निवडणुकीत ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने वीस लाखांहून अधिक मतपत्रिका गोळा करून लँडन विजयी होणार असे भाकीत केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. लँडन यांना दोनच राज्ये मिळाली. इतक्या मोठ्या नमुन्याचा अंतराल केसासारखा अरुंद निघाला असता. परंतु नावे घेतली होती दूरध्वनी पुस्तिका व मोटारमालकांच्या याद्यांतून, आणि पत्रिका परत पाठविणारेही मतदारांचे खरे प्रतिनिधी नव्हते. गरिबांचा आवाज त्यात आलाच नाही.

उंबरठ्यावरचा आकडा

या चर्चेचा शेतकऱ्याच्या खिशाशी थेट संबंध आहे. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत विमा एकक जितके लहान तितके प्रयोग कमी, अशी रचना आहे. प्रमुख पिकांसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्ह्याला किमान २४, तालुक्याला १६, मंडळाला १० आणि ग्रामपंचायतीला ४ प्रयोग ठरविण्यात आले. मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तराने गुणून ‘उंबरठा उत्पादन’ निघते. प्रयोगांतील सरासरी त्याखाली गेली, तर तुटीच्या प्रमाणात भरपाई मिळते.

आपल्या काल्पनिक मंडळात उंबरठा २५ असेल, तर २४ ही सरासरी १ क्विंटलने, म्हणजे शेकडा ४ ने कमी. विमा रकमेच्या शेकडा ४ भरपाई. उंबरठा २३ असेल, तर भरपाई शून्य. अंतराल मात्र २१.४ ते २६.६ आहे, २३ आणि २५ दोन्ही त्यात आहेत. याचा अर्थ, उंबरठ्याच्या आसपास भरपाई मिळणे न मिळणे हे अंशतः चिठ्ठ्यांवर अवलंबून राहते. नियमाला एक आकडा लागतो, म्हणून २४ हा आकडा निर्णयासाठी स्वीकारला जातो. निर्णयासाठी तो अंतिम असला, तरी ज्ञानाच्या दृष्टीने अंतिम नसतो. हा भेद अधिकाऱ्याने जाणला, तर तक्रार घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ‘आकडा म्हणजे आकडा’ असे तुटक उत्तर तो देणार नाही. पंचायत सदस्याने जाणला, तर एका क्विंटलच्या फरकामागे कारस्थानच असले पाहिजे, असे तो मानणार नाही.

एकक लहान करावे, म्हणजे गावचा न्याय गावाला मिळेल, ही मागणी समजण्याजोगी आहे. परंतु चार तुकड्यांवरून काढलेल्या सरासरीचा पट्टा दहा तुकड्यांच्या पट्ट्याहून पुष्कळच रुंद असतो. पट्टा निम्मा करावयाचा तर तुकडे सुमारे चौपट करावे लागतात. मनुष्यबळ, खर्च आणि देखरेख यांची तयारी ठेवूनच ही मागणी करणे इष्ट होय.

आरोग्याच्या आकड्यांतही हीच सावधगिरी हवी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीतील जिल्हा तक्त्यांत काही आकडे कंसात छापलेले दिसतात. ते केवळ २५ ते ४९ व्यक्तींच्या माहितीवर आधारलेले आहेत, अशी ती सूचना असते. त्याहून कमी व्यक्ती असतील तेथे आकड्याऐवजी तारांकन असते. सभेत हे आकडे वाचून दाखविताना कंस गळून पडतो आणि दोन जिल्ह्यांची अकारण तुलना सुरू होते.

विश्वासाचे रक्षण

शेकडा ९५ या आकड्याचे बळ सूत्रात नसून निवडीच्या निःपक्षपातीपणात आहे. शेताची निवड यादृच्छिक अंकांनी झाली, त्या शेतात तुकडा ठरलेल्या रीतीने आखला गेला, तराजू बरोबर होता आणि वजन जसे भरले तसे नोंदले गेले, तरच कोळ्याच्या कसबाची उपमा लागू पडते. ‘या कोपऱ्यात पीक पडले आहे, इथेच कापा’ असा गावकऱ्याचा आग्रह असो किंवा ‘रस्त्यालगतचे शेत सोयीचे’ असा कर्मचाऱ्याचा विचार असो. एकदा का चिठ्ठीची जागा मर्जीने घेतली, की अंतराल कागदावर तसाच दिसतो, पण त्यातील विश्वास निघून गेलेला असतो.

म्हणून तक्त्यातील आकडा पुढे आला, की काही साधे प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. नमुना किती होता? निवड कोणी व कशी केली? हा पट्टा सरासरीचा आहे की व्यक्तींचा? तुलना करावयाची असेल तर फरकाचा अंतराल काढला आहे काय? मापात किंवा निवडीत एकांगी चूक शिरली असण्याचा संभव आहे काय? शिक्षकांना हा धडा वर्गातच देता येईल. एका पोत्यात दोन रंगांच्या ठरावीक संख्येच्या बिया मिसळाव्यात आणि प्रत्येक विद्यार्थ्याने मूठभर बिया काढून आपापला अंदाज व पट्टा मांडावा. शेवटी पोते रिकामे करून मोजणी केली, की कोणाचे पट्टे चुकले हे मुलांना डोळ्यांनी दिसेल. बरोबर रीतीने काम करूनही काहींचे पट्टे चुकतात, हे त्यांना कळेल. आणि त्यात कोणाचा अपराध नसतो, हेही कळेल.

आपल्या मोजणीत किती चूक असू शकते हे आकड्यानिशी सांगण्याचे धैर्य विश्वास-अंतरालाने शास्त्राला दिले. ती कबुली खात्री म्हणून वाचली तर अनर्थ होतो; निरुपयोगी म्हणून झिडकारली तर पुन्हा नजर अंदाजाच्या काळात परतावे लागते. पनवेलच्या बांधावर आखलेली दोरी सरळ राहील, चिठ्ठी प्रामाणिक राहील आणि आकडा त्याच्या पट्ट्यासह वाचला जाईल, एवढी दक्षता खात्याने, शाळेने व पंचायतीने मिळून घेतली, तर शंभरातील ते पंचाण्णव आपले वचन पाळतील.